गोन्सालो गार्सिया: एजंट की हुतात्मा, हा प्रश्नच चुकलाय

फेब्रुवारीतली गोष्ट. सकाळची लोकल, नेहमीचा डबा, नेहमीची माणसं. वसईजवळच्या गास गावचा एक मित्र सहज म्हणाला की आज आमच्या संत गोन्सालो गार्सियांचा सण, भारताचा पहिला संत, आपल्या वसईचा पोरगा. समोर बसलेले एक काका पेपर खाली न करताच म्हणाले, "संत कसला, पोर्तुगीजांचा एजंट होता तो. जपान्यांनी ओळखला आणि लटकावला. आपल्याला जमलं नाही ते त्यांनी केलं." झालं, भाईंदरपासून बोरिवलीपर्यंत जुंपली. मित्र म्हणतोय तो श्रद्धेसाठी मेला, काका म्हणतायत राजकारणात मेला, आणि डब्यातले बाकीचे दोन्ही बाजूंना अधूनमधून तेल ओततायत. मी गप्प होतो, कारण मला दोघांचंही पटत नव्हतं आणि गर्दीत एवढं सगळं बोलायला जागा नव्हती, म्हणून इथे लिहितोय.

आधीच सांगतो, मी जन्माने ख्रिश्चन नाही. वसईत वाढलो एवढाच माझा संबंध, आणि आमच्याकडे गार्सिया म्हटलं की बहुतेकांना संताच्या आधी कॉलेज आठवतं. माझं म्हणणं असं आहे की 5 फेब्रुवारी 1597 ला जपानमधल्या नागासाकीत गोन्सालोसकट जे सव्वीस जण मारले गेले ते धर्मछळाचे बळी होते, आणि त्याच वेळी जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याला परकीयांची जी भीती वाटत होती तीही बऱ्यापैकी खरी होती. दोन्ही एकदम खरं असू शकतं. मारणाऱ्याची भीती खरी निघाली म्हणून मेलेला आपोआप गुन्हेगार होत नाही, हे एरवी आपल्याला कळतं, फक्त मेलेला दुसऱ्या धर्माचा असला की आपण विसरतो.

आता काकांचे पॉइंट. ते फालतू नाहीयेत, त्यामुळे आधी तेच घेऊ. गोन्सालोचा जन्म 1556-57 च्या सुमाराचा, बाप पोर्तुगीज सैनिक, आई इथलीच वसईची. वसई पोर्तुगीजांनी 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून लिहून घेतली होती. म्हणजे हा मुलगा चालायला लागला तेव्हा इथे पोर्तुगीज सत्तेची पहिली पिढी नुकती स्थिरावत होती, देवळं पडत होती, आणि 1560 ला गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं. ते पुढे अधूनमधून बंद-चालू होत थेट 1812 पर्यंत राहिलं. हे सगळं ज्या राज्यात चाललं होतं त्याच राज्याच्या किल्ल्यात जेझुइटांकडे, म्हणजे त्या नावाच्या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांकडे, तो शिकला. त्या राज्याची बाजू घेण्याची मला अजिबात हौस नाही.

जपानच्या बाजूनेही बघा. नागासाकी बंदर 1580 मध्ये ओमुरा सुमितादा नावाच्या सरदाराने, जो स्वतः ख्रिस्ती झाला होता, चक्क जेझुइटांच्या ताब्यात दिलं होतं. काही ख्रिस्ती सरदारांनी आपापल्या मुलखातली बौद्ध देवळं पाडली होती. पोर्तुगीज व्यापारी जपानी माणसं गुलाम म्हणून विकत घेऊन नेत होते आणि हिदेयोशीने 1587 मध्ये पाद्र्यांच्या प्रमुखाला त्याचा जाब विचारला होता. त्याच वर्षी त्याने पाद्र्यांनी देश सोडावा असं फर्मान काढलं. स्पॅनिशांनी फिलिपिन्समधली मनिला 1571 लाच घेतलेली होती, आणि तिथून चीन जिंकायचे बेत माद्रिदला लिहून पाठवले जात होते, ही काही अफवा नव्हती. मग ऑक्टोबर 1596 मध्ये मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेलं सान फेलिपे नावाचं मालाने गच्च भरलेलं स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानमधल्या तोसाच्या किनाऱ्याला लागलं. माल जप्त झाला. तेव्हा त्या जहाजाच्या सुकाणूवाल्याने म्हणे नकाशा उघडून स्पेनच्या राजाचे मुलूख दाखवले, आणि हे एवढं सगळं कसं मिळवलं असं विचारल्यावर सांगितलं की आधी पाद्री जातात, मग सैन्य जातं. तो नेमकं असं बोलला की कोणी त्याच्या तोंडी घातलं यावर जेझुइट आणि फ्रान्सिस्कन हे दोन कॅथलिक संघ पुढे कितीतरी वर्षं भांडत बसले. पण हिदेयोशीच्या जागी कोणीही असता तरी कान टवकारले असते, एवढं मान्य करायला काय हरकत आहे? मला तरी नाही.

पण मग "पोर्तुगीजांचा एजंट" हे तरी बरोबर आहे का? इथेच काकांची गाडी घसरते. गोन्सालो पंधराएक वर्षांचा असताना, 1572 च्या आसपास, जेझुइटांबरोबर जपानला गेला. तिथे भाषा शिकला, इतकी की जपानी लोकांशी थेट बोलून धर्म शिकवायचा. त्याला जेझुइट व्हायचं होतं, त्यांनी घेतला नाही. आशियातल्या जेझुइटांचा वरिष्ठ वालिन्यानो याचं धोरणच होतं की भारतीय आणि मिश्र रक्ताच्या पोरांना संघात घेऊ नये, त्यामुळे पोर्तुगीज बापाच्या आणि वसईच्या आईच्या या मुलापुढे दार का बंद झालं हे जोडून बघायला फार अक्कल लागत नाही. मग त्याने सरळ धंदा टाकला आणि व्यापारात चांगला जम बसवला. नंतर मनिलाला गेला आणि तिथे स्पॅनिश फ्रान्सिस्कनांनी त्याला ब्रदर म्हणून घेतलं. हे लक्षात घ्या, फादर नाही, ब्रदर. मिस्सा म्हणायचा अधिकार नसलेला, स्वयंपाक-झाडलोट-दुभाषेगिरी करणारा साधा ब्रदर. 1593 मध्ये फ्रान्सिस्कन फ्रे पेद्रो बाउतिस्ता मनिलाचा वकील म्हणून हिदेयोशीला भेटायला निघाला तेव्हा हा दुभाषा म्हणून बरोबर होता. आणि त्यांच्या जाण्याने सगळ्यात जास्त पोट कोणाचं दुखलं? पोर्तुगीजांचं आणि जेझुइटांचं, कारण 1585 मध्ये पोपने जपान फक्त जेझुइटांना नेमून दिलं होतं आणि हे मनिलावाले त्यांच्या अंगणात घुसले होते. म्हणजे ज्याला आपण पोर्तुगीजांचा एजंट म्हणतोय तो पोर्तुगीजांना नको असलेल्या टोळीतून, पोर्तुगीजांना नको असलेल्या कामासाठी गेला होता. एजंट म्हणायचंच असेल तर निदान कोणाचा ते तरी नीट सांगा.

माझ्या मित्राची बाजूही मला तितकीच अर्धवट वाटते. तो म्हणतो राजकारणाचा काही संबंधच नव्हता, निव्वळ श्रद्धा. असं कसं असेल? वकिलातीबरोबर गेलेला दुभाषा राजकारणाच्या बाहेर असतो का? हिदेयोशी त्या वेळी क्यूशूतल्या नागोयाच्या गढीवर बसून कोरियावरच्या स्वारीचा कारभार बघत होता आणि मनिलाने आपली ताबेदारी मान्य करावी अशी मागणी करत होता. तिथे मध्ये उभं राहून इकडचं तिकडे सांगायचं, हे कोणी भोळ्या साधूचं काम नाही. फ्रान्सिस्कनांनी पुढे क्योतोत उघड चर्च बांधलं, कुष्ठरोग्यांसाठी इस्पितळं काढली, उघड उपदेश केला. जेझुइट दबकून राहत होते, हे राहिले नाहीत. परवानगी मिळाली होती असं त्यांचं म्हणणं, नव्हती असं इतरांचं. म्हणजे फर्मान मोडलं हा आरोप हवेतला नव्हता.

मग ठरवायचं कसं? मी एक साधी कसोटी लावतो. मारणारा काय कारण सांगतो ते थोडं बाजूला ठेवा, कारण मारणाऱ्याकडे कारणांचा तोटा कधीच नसतो. सुटायचं असेल तर किंमत काय मागितली जात होती ते बघा. पैसे, किल्ले, गुपितं मागत असतील तर मामला एक. धर्म सोड म्हणत असतील तर मामला दुसरा.

इंग्लंडचं उदाहरण घ्या, तिथे हाच वाद ह्याच काळात चालला होता. एलिझाबेथ राणीच्या सरकारने 1581 मध्ये एडमंड कॅम्पियन या जेझुइटाला टायबर्नला फासावर दिलं ते धर्मासाठी नाही, राजद्रोहासाठी, आणि त्यासाठी चौदाव्या शतकातला राजद्रोहाचा कायदा बाहेर काढला. राणीच्या लोकांचंही पूर्ण खोटं होतं असं नाही, कारण 1570 मध्ये पोपने राणीला बहिष्कृत करून प्रजेला तिची आज्ञा मानू नका असं सांगून ठेवलं होतं. पण कॅम्पियन अँग्लिकन चर्चमध्ये यायला तयार झाला असता तर त्याच्या गळ्यात फास पडला असता का? उलट मानाची जागा मिळाली असती. आणि हे फक्त कॅथलिकांचं कौतुक म्हणून सांगत नाहीये, त्याआधी पंचवीसेक वर्षं कॅथलिक मेरी राणीने पावणेतीनशेच्या वर प्रोटेस्टंट जिवंत जाळले होते, त्यांनाही हीच कसोटी लावा, तेही पास होतात. बिशपांबरोबर त्यात विणकर होते, बायका होत्या.

आता नागासाकीला परत या. काका फक्त गोन्सालोकडे बघतात म्हणून त्यांचं लॉजिक चालतं. सव्वीस जणांपैकी परदेशी होते सहाच. त्यातले चार स्पेनचे, एक वसईचा, आणि एक मेक्सिकोचा फेलिपे, जो बिचारा त्या सान फेलिपे जहाजावरचा प्रवासी होता, दीक्षा घ्यायला घरी चालला होता. बाकीचे वीस जपानी. त्यात कोण होते? एक पिंपं बनवणारा, एक रेशीम विणणारा, एक वैद्य, एक औषधविक्या, तलवारींना धार लावणारा एक जण, जेझुइटांच्या घराचा चौसष्ट वर्षांचा दारवान. आणि बारा, तेरा, चौदा वर्षांची तीन पोरं. ह्यांच्यापैकी कोण स्पेनच्या राजासाठी जपान जिंकणार होता? शिपायांकडे नावांची यादी होती, त्यात मथियास नावाचा एक आचारी होता, तो नेमका बाजारात गेलेला. शिपाई दारात उभे राहून मथियास कुठाय म्हणून ओरडत होते तेव्हा शेजारचा एक माणूस पुढे आला आणि म्हणाला, माझंही नाव मथियास आहे, मीही ख्रिस्ती आहे. शिपायांना नाव पुरं करायचं होतं, त्यांनी याला बांधला. क्योतोतून निघाले तेव्हा चोवीस होते, वाटेत सोबत करणारे दोघे, त्यातला एक सुतार, तेही पकडले गेले म्हणून सव्वीस झाले.

क्योतोत त्यांचे कान कापले. हुकूम नाक आणि दोन्ही कान कापायचा होता, इशिदा मित्सुनारी नावाच्या अधिकाऱ्याने तो डाव्या कानाच्या तुकड्यावर भागवला. मग ऐन हिवाळ्यात जवळपास महिनाभर, आठेकशे किलोमीटर, गावागावातून मिरवत नागासाकीपर्यंत नेलं, कारण ख्रिस्ती वस्ती तिथे जास्त होती आणि दहशत तिथे बसवायची होती. जाता जाता एक सांगतो, परकीय आक्रमणाला घाबरलेला हाच हिदेयोशी त्याच वर्षी कोरियावर दुसऱ्यांदा सैन्य पाठवत होता, आणि त्या सैन्याने पुरावा म्हणून मिठात घालून पाठवलेल्या हजारो कोरियन नाकांचा ढिगारा क्योतोत आजही आहे, त्याला कानांचा ढिगारा म्हणतात. तेव्हा "बिचारा स्वतःचा देश वाचवत होता" हे जरा सांभाळून बोलावं.

किंमत काय मागितली होती? बारा वर्षांच्या लुईसला तिथल्या अधिकाऱ्याने सांगितलं, धर्म सोड, मी तुला वाचवतो. तो नाही म्हणाला. शिक्षेच्या फलकावर हिदेयोशीने स्वतःच लिहवून घेतलं होतं की हे लोक वकील म्हणून आले आणि मी बंदी घातलेला धर्म शिकवत राहिले म्हणून, आणि तो धर्म स्वीकारणाऱ्या जपान्यांसकट, यांना मारावं. हेरगिरी, कट, शस्त्रं यातलं त्यात काही नाही. म्हणजे आपण सव्वाचारशे वर्षांनी त्याच्या वतीने जे कारण शोधतोय ते त्याने स्वतःही दिलं नव्हतं.

इथे एक अडचण आहे आणि ती मी लपवणार नाही. कोणी म्हणेल, गोन्सालो तर नुसता जपान सोडून गेला असता तरी वाचला असता, धर्म सोडायची गरजच नव्हती, म्हणजे तुझ्या कसोटीत तो बसत नाही. बरोबर आहे. परदेशी माणसाला परत जायचा रस्ता होता, निदान 1596 च्या डिसेंबरात पकडले जाईपर्यंत. त्या सुताराला, त्या आचाऱ्याच्या नावबंधूला, त्या पोरांना कुठे जायचं होतं? त्यांचा देश तोच होता. म्हणूनच गोन्सालोला त्या विसांपासून वेगळा काढून तपासायला मी तयार नाही. ज्यांना त्याने धर्म शिकवला त्यांना मरायला सोडून मनिलाचं जहाज पकडलं असतं, तर तो सुटला असता, पण मग आपण आज त्याच्याबद्दल काय बोललो असतो? एजंट हा शब्द तेव्हा फिट बसला असता.

आणि हे फक्त आक्रमणाच्या भीतीपुरतं होतं असं ज्यांना वाटतं त्यांनी पुढचं बघावं. 1614 ला हिदेयोशीनंतर सत्तेवर आलेल्या तोकुगावांनी ख्रिस्ती धर्मावर सरसकट बंदी घातली, 1639 पर्यंत पोर्तुगीज पुरते हाकलले गेले, म्हणजे धोका संपला. छळ संपला का? नाही. उलट पद्धतशीर झाला. नागासाकीच्या भागात दर वर्षी लोकांना रांगेत उभं करून येशू-मरियेच्या चित्रावर पाय ठेवायला लावायचे, ठेवला की सुटला. सुटकेची किंमत काय ते सरकारने अक्षरशः जमिनीवर मांडून ठेवलं होतं. 1865 मध्ये नागासाकीत परदेशी लोकांसाठी नवीन बांधलेल्या चर्चमध्ये जवळच्या उराकामीचे शेतकरी आले आणि तिथल्या फ्रेंच फादरला हळूच म्हणाले की आमचं मन तुमच्यासारखंच आहे. अडीचशे वर्षं पाद्री नाही, चर्च नाही. हे कोणत्या राजाचे एजंट होते? त्यांनाही पकडून तीन हजारांवर माणसं दूरदूरच्या प्रांतांत पाठवली, बंदी उठली 1873 ला.

आता आपल्याकडे. कसोटी दोन्हीकडून लावायची तर गोव्यात कुंकळ्ळीला यावं लागतं. जुलै 1583 मध्ये तिथल्या लोकांनी पाच जेझुइटांना मारलं, त्यांचा प्रमुख रुदोल्फ आक्वाविवा अकबराच्या दरबारातून नुकताच परतला होता. चर्चने त्या पाचांना 1893 मध्ये धन्यवादित केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी दिली. पण ते पाद्री आले कशासाठी होते? जिथली देवळं पोर्तुगीजांनी पाडली त्याच गावात चर्चसाठी जागा बघायला. मला विचाराल तर त्यांचं रक्तसाक्षीपण नागासाकीच्या पोरांइतकं स्वच्छ नाही. आणि त्यानंतर गावच्या सोळा गांवकरांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून दगा करून मारलं, एकटा निसटला. त्यांच्यावर ना खटला, ना सुटकेची काही किंमत. ते पोर्तुगीजांच्या लेखी बंडखोर आणि गावाच्या लेखी हुतात्मे. जो माणूस कुंकळ्ळीच्या गांवकरांपुढे हात जोडतो आणि नागासाकीच्या सव्विसांना "बरं झालं" म्हणतो, आणि जो बरोबर याच्या उलट करतो, ते दोघे एकाच शाळेत शिकलेत.

"राजकीय की धार्मिक" ही दोन खणांची पेटी आपल्याला फार आवडते. डिसेंबर 2022 मध्ये विधानसभेत संभाजी महाराजांवरून हेच झालं, धर्मवीर म्हणायचं की स्वराज्यरक्षक, आणि मग काही दिवस राज्यभर आंदोलनं. सतराव्या शतकातल्या राजाला स्वराज्य आणि धर्म असे दोन वेगळे खिसे होते का? हिदेयोशीला नव्हते, स्पेनच्या फिलिप राजाला नव्हते, पेशव्यांनाही नव्हते. शंभूराजांच्या बाबतीत एक खण निवडायला लावलं की आपल्याला राग येतो, आणि रास्त येतो. मग वसईच्या एका ब्रदरला तोच चॉइस देताना आपण इतके बिनधास्त का असतो?

राहता राहिलं ते "तो आपला नव्हेच, अर्धा पोर्तुगीज" हे. चिमाजी अप्पांनी 1739 ला वसई घेतली, चर्चच्या घंटा उतरवून नेल्या, त्यातली एक नाशकात नारोशंकराच्या देवळात टांगलीय आणि आपण कौतुकाने पोरांना दाखवतो. पोर्तुगालची घंटा आपली झाली. इथल्या बाईच्या पोटी जन्मलेला, इथे पंधरा वर्षं वाढलेला, 1862 ला संत ठरलेला माणूस मात्र अजून परका. त्याला जेझुइटांनी रक्तावरून बाहेर ठेवला असेल तर तेव्हाच्या गोऱ्या पाद्र्यांचा निकष आज आपण का चालवायचा? 2008 मध्ये केरळच्या सिस्टर अल्फोन्सांना संतपद मिळालं तेव्हा कित्येकांनी पहिल्या भारतीय संत म्हणून लिहिलं, त्या पहिल्या स्त्री संत होत्या, पण गोन्सालोला मोजायचं कोणाच्या लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये काकांना हे सगळं सांगायचा प्रयत्न केला. शाही फर्मानं, 1585, 1587 वगैरेत त्यांना काही इंटरेस्ट नव्हता. जिथे क्रूसावर चढवलं त्या निशिझाकाच्या टेकडीवर गोन्सालो एका क्रूसाकडे सरळ चालत गेला आणि "हा माझा का?" म्हणून विचारलं, शिपाई म्हणाला तुझा नाही, तो पलीकडचा, मग तिकडे जाऊन त्यापुढे गुडघे टेकले, असं जुन्या वृत्तांतात येतं, ते सांगितलं तेव्हा हूं म्हणाले. पण मथियासचं ऐकल्यावर पेपर घडी करून मांडीवर ठेवला.

"म्हणजे खरा मथियास बाजारातच राहिला?"

"हो."

"आणि हा शेजारचा... याला कोणी बोलावलंच नव्हतं?"

"नाही."

अंधेरी आली. उतरायच्या गर्दीत उभे राहता राहता परत वळून म्हणाले, "मग पुढे कशाला आला तो?"